काट्यावरचं वजन, पोत्यातली साखर

(अहिल्यानगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते आम्हाला गणित शिकवायचे. फळ्यावर उत्तर लिहून पोरगं रुबाबात वळलं, की मागून सरांचा आवाज यायचा, ‘एकक कुठंय?’ बेचाळीस म्हणजे बेचाळीस काय? मैल, आणे की शेळ्या? उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण जायचा. तो अर्धा गुण मला आयुष्यभर पुरला. आज मी जे बोलणार आहे ते त्या अर्ध्या गुणाचंच आहे.

दरवर्षी जून उजाडला की मला फोन सुरू होतात. कोपरगावहून, जामखेडहून, पारनेरहून. ‘सर, पोरीला इंजिनिअरिंगला नंबर लागला, लॅपटॉप घ्यायचाय. इंटेलचा फास्ट का एएमडीचा?’ मी विचारतो, ‘कशासाठी?’ पलीकडून जरा नाराज आवाज येतो, ‘कशासाठी म्हणजे? कॉम्प्युटरसाठी!’ दुकानदार बिचारा असले उलटे प्रश्न विचारत नाही. तो एक आकडा सांगतो, बाप दुसरा आकडा सांगतो, मोठा आकडा जिंकतो.

हा आकडा म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यात समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडं साखर कारखाना ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं चाक फिरलं आणि तेव्हापासून ‘गाळप’ आणि ‘उतारा’ हे शब्द आपल्या पोरांना बाराखडीबरोबर येतात. समजा, एक कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि त्याचा उतारा १० टक्के आहे. दुसरा ४,५०० टनच गाळतो, पण उतारा साडेअकरा आहे. पहिल्याची साखर ५,००० क्विंटल, दुसऱ्याची ५,१७५. काट्यावर पहिला मोठा, पोत्यात दुसरा.

प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ म्हणजे नुसतं गाळप. चिपच्या आतलं घड्याळ सेकंदाला किती ठोके देतं, एवढंच ते सांगतं. तीन गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. दर ठोक्याला काम किती उरकतं, तो झाला उतारा. वेग म्हणजे या दोहोंचा गुणाकार. खोक्यावर मात्र गाळपच छापतात, कारण ते छापायला सोपं आणि वाढवायलाही, काही काळ तरी, सोपं असतं.

नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलनं पेंटियम-फोर आणला. त्याची आखणीच अशी, की एकेक सूचना वीस टप्प्यांतून जायची. टप्पे बारीक केले की प्रत्येक टप्प्याला वेळ कमी लागतो आणि घड्याळ जोरात पळवता येतं. पुढं २००४ च्या आवृत्तीत टप्पे ३१ झाले. पण लांब रांगेचा एक तोटा असतो. पुढचं पाऊल कुठं टाकायचं याचा अंदाज चुकला, की आख्खी रांग रिकामी करून पुन्हा भरावी लागते. घड्याळ पळतंय, काम थांबलंय. एएमडीचा ॲथलॉन याउलट. ठोके कमी, दर ठोक्याला काम जास्त. पण ‘आमचे मेगाहर्ट्झ कमी आहेत, पण काम जास्त होतं’ हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? म्हणून २००१ च्या ऑक्टोबरात त्यांनी एक युक्ती केली. १,५३३ मेगाहर्ट्झच्या चिपचं नावच ‘१८००+’ ठेवलं. नुसतं अधिकचं चिन्ह. बाजारातलं गणित असं चिन्हांवर चालतं. पुढं पेंटियम-फोर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊन तापला, चारचा टप्पा रद्द करावा लागला, आणि जुलै २००६ मध्ये इंटेलनंच कमी ठोक्यांचा, जास्त उताऱ्याचा कोअर-टू आणला. त्यानं स्वतःच्याच थोरल्या भावाला सहज मागं टाकलं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. कारखान्याचं नाव विचारू नका. नव्वदीच्या सुरुवातीला मी एका कारखान्याच्या संगणक विभागात होतो. वातानुकूलित खोली, चपला बाहेर, आत आम्ही दोघं आणि एक टू-एटी-सिक्स. पंधरवड्याचं ऊसबिल आमच्याकडं असायचं. वजनपावत्यांवरून टनेज, त्यातून सोसायटीचं कर्ज, बेणं, खत, ठेव अशा कपाती, आणि उरलेली रक्कम. हिशेबाला पन्नासेक मिनिटं लागायची. मग छपाई. १३२ कॉलमांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सहा तास किरकिरत बसायचा. मी संचालक मंडळापुढं मोठं भाषण ठोकून फोर-एटी-सिक्स मागवला. ‘तिप्पट वेग’ हे माझे शब्द इतिवृत्तात नोंदले गेले. मशीन आलं, नारळ फुटला, आणि हिशेब पन्नासाचा पंधरा मिनिटांवर आला. मी खोटं बोललो नव्हतो. पण बिल हातात यायला आधी पावणेसात-सात तास लागत, ते आता सव्वासहा लागू लागले. एक वयस्कर संचालक दारात उभे राहून म्हणाले, ‘तिप्पट म्हणत होता ना रं तू?’

ज्या गोष्टीचा मला त्या दिवशी दारात उलगडा झाला, ती जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६७ मध्येच मांडून ठेवली होती. कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढवा, उरलेला भाग जेवढा वेळ खातो त्याच्या खाली एकूण वेळ जाऊच शकत नाही. माझा प्रोसेसर विजेसारखा असता, शून्य मिनिटांत हिशेब झाला असता, तरी प्रिंटरचे सहा तास सुटले नसते. त्याच पैशात दुसरा प्रिंटर घ्यायला हवा होता.

प्रोसेसरच्या आतही असलाच प्रकार असतो, आणि त्याला शब्दही कारखान्यातलाच चपखल बसतो: ‘नो केन’. गाळपक्षमता भरपूर, पण गव्हाणीत ऊसच नाही म्हणून मिल उभी. चार गिगाहर्ट्झच्या चिपला एक ठोका म्हणजे सेकंदाचा चारशे कोटीवा भाग. पण मुख्य मेमरीतून, म्हणजे रॅममधून, एखादा आकडा मागवला तर तो यायला तीनशेच्या आसपास ठोके लागतात. तेवढा वेळ मिल उभी. म्हणून चिपच्याच अंगाला थोडी झटपट मेमरी ठेवतात, तिला कॅश म्हणतात. गव्हाणीशेजारीच चार गाड्या उभ्या करून ठेवाव्यात तशी. काम तेवढ्या गाड्यांत भागलं तर मिल सलग चालते, नाही भागलं तर शेतापर्यंत हेलपाटा.

याचं एक सुरेख उदाहरण २०२२ चं आहे. एएमडीनं रायझन ५८००-एक्स या आपल्याच चिपचं भावंड असलेली दुसरी चिप काढली. कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्र गणिती भाग, तेवढेच, आठ. घड्याळ थोडं हळू, ४.७ गिगाहर्ट्झऐवजी ४.५. फक्त कॅश ३२ मेगाबाइटवरून ९६ केली, चिपवर चिप चढवून. तिसऱ्या पातळीची ही कॅश तिप्पट झाली आणि कित्येक खेळांमध्ये नवी चिप झपाट्यानं पुढं गेली. पण थ्रीडी चित्रं रंगवण्याच्या कामात, जिथं थोड्याच आकड्यांवर घाम गाळायचा असतो, तिथं जुनीच किंचित पुढं. आता सांगा, यातली जास्त वेगवान कोणती? बापाला फोनवर काय सांगू? कंपनी एक, घराणं एक, आणि तरी ‘कशासाठी’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

आता पुण्याकडं वळू, कारण हाच प्रश्न एके काळी देशाच्या पातळीवर विचारला गेला होता.

ऐंशीच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी आपल्याला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळाला तो मागितल्यापेक्षा लहान, क्रे एक्स-एमपी/१४, आणि तोही हवामानाखेरीज दुसऱ्या कामाला लावायचा नाही या अटीवर. तो दिल्लीला मध्यम पल्ल्याच्या अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्रात बसला. म्हणून महासंगणक आपणच घडवायचा असं ठरलं आणि त्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख. मुदत तीन वर्षं, पैसे तीस कोटी, साधारण एका क्रेच्या किमतीएवढे.

क्रेसारखा एक अजस्र प्रोसेसर घडवणं शक्य नव्हतं. म्हणून मार्ग निवडला तो आपल्या ओळखीचा: एका पैलवानाऐवजी टोळी. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचं. १९९१ मध्ये परम-८००० उभा राहिला. २५६ प्रोसेसरांच्या जोडणीची कागदावरची ताकद होती एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी दशांश-गणितं. प्रत्यक्ष कामात टिकून मिळायची ती दहा ते वीस कोटी.

हा आकडा ऐकून काही जण हिरमुसतात. मला तो मुळीच लाजिरवाणा वाटत नाही. टोळीत माणसं वाढली की आपापसांतलं बोलणंही वाढतं. दहा जणांची टोळी फडात उतरली तर प्रत्येक जण आपली सरी धरून तोडत जातो, बोलायची गरज फार नाही. पण दर मोळीनंतर प्रत्येकानं इतर सगळ्यांना काहीतरी विचारायचं ठरलं, तर कोयते कमी चालतील आणि तोंडं जास्त. हवामानाचं गणित नेमकं या दुसऱ्या जातीचं असतं. दिल्लीच्या केंद्रात तेव्हा टी-८० नावाचं जागतिक मॉडेल चालायचं. त्यात सगळ्या पृथ्वीचं वातावरण लहरींच्या रूपात मांडलेलं असतं, आणि लहरींवरून नकाशावर, नकाशावरून लहरींवर असं दर पावलाला जावं लागतं. तसं जाताना प्रत्येक प्रोसेसरला जवळपास प्रत्येक प्रोसेसरकडचे आकडे लागतात.

आणि म्हणूनच नव्वदच्या दशकात या टी-८० ला देशी समांतर संगणकांची खरी कसोटी मानलं गेलं. बंगळूरच्या एनएएल या विमानविद्येच्या प्रयोगशाळेचा फ्लोसॉल्व्हर, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुपम, पुण्याचा परम. कागदावरची ताकद सगळ्यांनी सांगून झाली होती. आता तेच काम, तोच अंदाज, आणि शेजारी क्रेचं घड्याळ. मला या प्रकाराचं फार अप्रूप आहे. अनुपमच्या आणि नंतरच्या परमच्या पोटात इंटेलची आय-८६० नावाची चिप होती. १९८९ मध्ये ती ‘चिपवरचा क्रे’ म्हणून गाजावाजा करून आली होती. ४० मेगाहर्ट्झला तिची कागदी ताकद सेकंदाला आठ कोटी गणितं. पण ती गाठायची तर हातानं, एकेक सूचना जुळवत, असेंब्लीत लिहावं लागे. प्रोग्रॅमचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साध्या कंपायलरवर सोडलं, तर ती त्या ताकदीचा लहानसा वाटाच द्यायची. घोडा उत्तम, पण लगाम हातात यायला वर्षं लागली.

मग जगात एकच सर्वमान्य कसोटी नाही का? आहे, लिनपॅक. जॅक डोंगारा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली. हजारो-लाखो एकसामयिक समीकरणं एकदम सोडवायची. १९९३ पासून या कसोटीवर वर्षातून दोनदा जगातल्या पाचशे महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २००७ मध्ये त्या यादीत पुण्याचं नाव चौथ्या जागी आलं. टाटांच्या सीआरएल या प्रयोगशाळेचा ‘एका’. कागदावर १७१ टेराफ्लॉप (टेरा म्हणजे हजार गिगा), लिनपॅकवर ११७.९. म्हणजे साधारण ६९ टक्के उतारा. परमच्या दहा-वीस टक्क्यांशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती चूक ठरेल, कारण लिनपॅक हे पहिल्या जातीचं काम आहे. आपापली सरी धरून तोडायचं. त्यात मिल उपाशी राहत नाही. कॅशमध्ये आणलेला प्रत्येक आकडा पुन:पुन्हा वापरता येतो. जपानच्या फुगाकूचंच पाहा. लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप, पेटा म्हणजे हजार टेरा. मेमरीशी सतत ये-जा करायला लावणारी एचपीसीजी नावाची दुसरी कसोटी याच डोंगारांनी सहकाऱ्यांबरोबर काढली, तिच्यावर तोच फुगाकू १६ पेटाफ्लॉपवर येतो. मशीन एकच, सकाळी भीम आणि दुपारी आपल्यातुपल्यासारखा.

‘एका’ उभा राहण्याच्या सुरुवातीच्या काळात त्यामागं नरेंद्र करमरकर होते, हे इथं सांगितलंच पाहिजे. १९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना याच मराठी माणसानं मोठमोठ्या नियोजनाच्या गणितांसाठी एक नवी रीत शोधली. जुन्या सिम्प्लेक्स रीतीपेक्षा ती काही गणितांत पन्नास पट वेगवान असल्याचं सांगितलं गेलं आणि बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. लगेच तज्ज्ञांनी विचारलं, कोणत्या गणितांत? कोणत्या मशीनवर? प्रोग्रॅम दाखवा. तो कंपनीनं उघड केला नव्हता, म्हणून बरीच वर्षं वाद धुमसत राहिला. रीत अस्सल होती, पुढं तिच्या घराण्यातल्या रीती जगभर रुजल्या. पण बघा, प्रोसेसर न बदलता नुसता विचार बदलून वेग वाढला. हा वेग कोणत्या चिपच्या खात्यावर लिहायचा?

कसोटी ठरली की तिची गाइडं निघतात. आपल्या दहावी-बारावीला हे सांगायला नको. १९८८ मध्ये, सी-डॅकच्याच वर्षी, अमेरिकेत स्पेक नावाची संस्था निघाली. खऱ्या वापरातले प्रोग्रॅम घेऊन प्रोसेसर जोखायचे, ही तिची प्रतिज्ञा. पहिल्याच संचात मॅट्रिक्स-३०० नावाचा एक पेपर होता. कंपायलर लिहिणाऱ्यांनी त्याचे लूप असे फिरवले की त्या एका पेपरात गुणांचा डोंगर झाला आणि सरासरीही वर गेली. पुढच्या, १९९२ च्या संचातून तो काढून टाकावा लागला. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच स्पेकनं इंटेलच्या प्रोसेसरांचे २,६०० हून अधिक निकाल ग्राह्य नसल्याचं जाहीर केलं, कारण कंपायलरमध्ये एका ठरावीक पेपराला ओळखून केलेली सोय सापडली. मोबाइलमध्ये तर २०१३ सालीच उघड झालं होतं की सॅमसंगचा गॅलॅक्सी एस-फोर ठरावीक बेंचमार्क ॲपची नावं ओळखून तेवढ्यापुरता जास्त जोर लावतो. साहेब शाळा तपासायला आले की चुना लावायचा, तशी ही गत.

बरं, फसवणूक सोडा. आपल्या उन्हाचं काय? परीक्षकाच्या खोलीत तापमान बावीस अंश, लॅपटॉप सपाट टेबलावर, चार्जर लावलेला. आमच्याकडं मे महिना, पत्र्याची खोली, लॅपटॉप गादीवर, खालची जाळी चादरीत बुडालेली आणि वीज गेलेली. चिप तापली की स्वतःला वाचवायला घड्याळ कमी करते. बॅटरीवर असली तर बऱ्याचदा आधीच कमी केलेलं असतं. मी एकदा एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपवर एकच प्रोग्रॅम चालवून पाहिला, एक पंख्याखाली फरशीवर आणि दुसरा उशीवर. उशीवाला आधी बरोबरीनं पळाला आणि पाचसात मिनिटांत मागं पडायला लागला. पहिल्या मिनिटाचा वेग आणि विसाव्या मिनिटाचा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत. खोक्यावरचा आकडा नेहमी पहिल्या मिनिटाचा असतो.

म्हणून हल्ली फोनवर मी एवढंच सांगतो: पोरीला जे काम करायचंय त्याची एक फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, दुकानात दोन्ही मशीनवर चालवायला लावा, आणि हातातल्या घड्याळात बघा. दुकानदार कुरकुरतो. कुरकुरू द्या.

आता शेवटचा भाग, आणि तो आपल्या जिल्ह्याचा. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा. टी-८० मॉडेलमध्ये पृथ्वीवर जी जाळी टाकली होती तिचा एक चौकोन साधारण दीडशे किलोमीटरचा, म्हणजे बावीस हजारांवर चौरस किलोमीटरचा. क्षेत्रफळ पाहिलं तर आपला सगळा जिल्हा एका चौकोनात बसून वर जागा उरते. घाटघरला पाऊस कोसळतोय आणि पाथर्डीत टँकर फिरतोय, हे त्या मॉडेलला दिसणंच शक्य नव्हतं. त्याच्या लेखी दोन्हीकडं पाऊस सारखाच. १,६४६ मीटरचं कळसूबाई त्या चौकोनात सपाट होऊन जातं.

२०१८ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत ‘प्रत्युष’ आला. ४ पेटाफ्लॉप, पोटात इंटेलचे झिऑन. जागतिक मॉडेलची जाळी १२ किलोमीटरची झाली आणि आपल्या जिल्ह्यावर सुमारे ११८ चौकोन पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ आला. ११.७७ पेटाफ्लॉप, आणि या वेळी पोटात एएमडीचे एपिक. मे २०२५ मध्ये संस्थेनं घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, ६ किलोमीटरच्या जाळीची. जिल्ह्यावर आता सुमारे ४७३ चौकोन. कळसूबाईला आता डोंगरासारखी थोडी उंची येते.

जाळी निम्मी केली की काम दुप्पट होत नाही. आडवे चौकोन दुप्पट, उभे दुप्पट, आणि लहान चौकोनातून वारा लवकर पलीकडं जातो म्हणून काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे आठपट काम. मशीनची कागदी ताकद वाढली तिपटीच्या आसपास. प्रत्युषवर मॉडेल चालवायला दहा तासांपर्यंत लागायचे, अर्कवर चार तास लागतात, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या सचिवांनी त्या वेळी सांगितलं. म्हणजे अडीचपट. इंटेल विरुद्ध एएमडी या भांडणातला मला आवडलेला एकमेव आकडा हा, कारण त्याला एकक आहे: तास. पण त्यातही श्रेय एकट्या चिपचं नाही. प्रोसेसरांची संख्या, मेमरी, जोडणारं जाळं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत, सगळं त्या तासांत मिसळलेलं आहे आणि वेगळं काढता येत नाही.

पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर अंदाजाचं एक गणित सुरू होतं. निरीक्षणं गोळा व्हायला लागणारा वेळ सोडून देऊ. दहा तास धरले तर उत्तर दुपारी साडेतीनला येतं, चार तास धरले तर सकाळी साडेनऊला. श्रावणात भंडारदऱ्याला पाणी चढत असताना, खाली निळवंडे, त्याखाली प्रवराकाठची गावं, मधल्या या सहा तासांची किंमत कुणाला विचारायची ते तुम्हीच ठरवा. आणि अंदाज लवकर आला म्हणजे खरा ठरला असंही नाही. देशभर चोवीस तासांच्या पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. घाटघरच्या चौकोनात मॉडेलनं किती मिलिमीटर सांगितले होते आणि साडेआठला मापकात किती निघाले, ही वजाबाकी कोणताही पेटाफ्लॉप आपण होऊन करत नाही. आपल्या कॉलेजांतल्या मुलांनी एक पावसाळाभर ती रोज वहीत करून ठेवली, तर पुढच्या वर्षी या मंचावर मी त्यांना बोलवायला सांगीन, आणि मी खाली बसून ऐकीन.